क्योटोचे डोंगर, मावळचे डोंगर

क्योटो हे जपानमधले शहर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले आहे. पूर्वेला हिगाशियामाची रांग, उत्तरेला कितायामा, पश्चिमेला निशियामा. दक्षिणेची बाजू तेवढी मोकळी आहे आणि कामो व कात्सुरा या नद्या त्याच बाजूने ओसाकाकडे निघून जातात. वायव्येचा अतागो ९२४ मीटर, ईशान्येचा हिएई ८४८ मीटर. मावळातल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील, कारण लोहगडच हजार मीटरांच्या वर आहे. पण तळेगाव दाभाडे हे गाव मुळात सहाशे मीटरांच्या आसपास आहे आणि क्योटोचा मध्यभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास मीटरांवर. पायथ्यापासून मोजले तर हिएईचा चढ मावळातल्या बहुतेक किल्ल्यांपेक्षा मोठा भरतो. इ.स. ७९४ मध्ये सम्राट कान्मु याने चीनच्या चांगआन नगरीच्या धर्तीवर चौकटीचे रस्ते आखून येथे राजधानी आणली, आणि ती हजारांहून अधिक वर्षे येथेच राहिली.

अशा शहरात गेलेल्या पाहुण्याने नेमके काय पाहायचे, याबद्दल दोन मते संभवतात. डोंगरांनी शहर घडवले, तेव्हा आधी डोंगर पाहावेत, हे एक. शहर माणसांनी घडवले, डोंगर ही नुसती जागा, हे दुसरे. तळेगावातल्या एका कुटुंबात ही दोन्ही मते नांदतात. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मावळातले किल्ले पायाखाली घातलेले, जपानला जायच्या तयारीत, आणि क्योटोचा नकाशा समोच्च रेषांसकट पाठ. भाची अभियंता, कंपनीच्या कामासाठी ओसाकाजवळ राहून आलेली, सुटीच्या दिवशी क्योटोत पायपीट केलेली.

मामांचा पहिला मुद्दा देवळांच्या जागेचा आहे. “नकाशा नीट बघ. कियोमिझु, नान्झेनजी, गिनकाकुजी, सगळी हिगाशियामाच्या पायथ्याला एका ओळीत. शहराच्या मधोमध का नाहीत? कान्मुच्या राजधानीत फक्त दोन देवळांना परवानगी होती, तोजी आणि साइजी. धर्मपीठांनी दरबारात लुडबूड करू नये म्हणून. बाकीच्यांना डोंगर धरावा लागला. म्हणून म्हणतो, डोंगर कळल्याशिवाय देऊळ कळत नाही.”

यात तथ्य आहे. साइचो या भिक्षूने तर राजधानी येण्यापूर्वीच, ७८८ मध्ये, हिएईवर एन्र्याकुजी मठाची सुरुवात केली होती. ईशान्य ही अनिष्ट शक्ती शिरण्याची दिशा मानली जाई, त्यामुळे हा मठ पुढे नगराचा रक्षक ठरला. तळेगावकरांना हा संबंध सहज उमगावा. इंदोरीच्या पलीकडे भंडारा डोंगर आहे, त्यापुढे भामचंद्र. देहूच्या संसारातून उठून तुकोबा चिंतनासाठी तिथेच जात. भाजे आणि कार्ले येथल्या भिक्षूंनीही वस्तीपासून वेगळी, पण घाटाच्या व्यापारी वाटेपासून फार दूर नाही अशी कड्यातली जागा निवडली. हिएईच्या भिक्षूंचे मात्र पुढे लष्कर झाले. शहरावर चालून येणारे हे मठवासी शेवटी ओदा नोबुनागा या सरदाराने १५७१ मध्ये चिरडले आणि एन्र्याकुजी जाळून टाकले.

“जाळलं ना?” भाची इथेच पकडते. “मग तुम्ही वर जाऊन बघणार ते त्यानंतर बांधलेलं. मामा, क्योटोत जुनं म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच पुन्हा पुन्हा बांधलेलं आहे. ओनिनच्या युद्धात, १४६७ ते १४७७, शहराची राखरांगोळी झाली. १७८८ मध्ये परत आग. कियोमिझुचा तो प्रसिद्ध सज्जा १६३३ चा. आणि सोन्याचा मुलामा असलेलं किनकाकुजी १९५० मध्ये जाळलं गेलं. आज दिसतं ते १९५५ चं. डोंगर जागचे हलले नाहीत, कबूल. पण शहर टिकलं ते दर वेळी परत बांधणाऱ्या सुतारांमुळे.”

मामांना हे पटत नाही. १९५५ ची इमारत पाहायला इतक्या लांब कशाला जायचे, असा त्यांचा सवाल आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत आणि त्या मूळच्याच आहेत. लेण्यात उभे राहून वर पाहिले की दगडात कोरलेल्या छताखाली ओळीने बसवलेल्या या लाकडी फासळ्या दिसतात. दगडाला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. लाकडी चैत्यगृहांत वावरलेल्या माणसांनी डोंगर कोरतानाही जुनी रीत सोडली नाही, एवढेच. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे.

भाची कार्ल्याचा मान कमी करत नाही, पण तिचा प्रश्न निराळा आहे. “त्या कमानी आज कोण बनवू शकेल? कियोमिझुचा सज्जा तेरा मीटर उंचीच्या खांबांवर उभा आहे, खांब आणि तुळया खिळ्यांशिवाय एकमेकांत गुंतवलेल्या. तो सांधा घालणारे सुतार तिथे अजून आहेत. आपल्याकडे वस्तू राहिली, हात गेले.” दोघांच्या या वादात भाचीची बाजू अधिक भक्कम आहे. प्रवाशाला क्योटोत वास्तूचे वय विचारण्यापेक्षा ती कोण दुरुस्त करतो हे विचारल्यावर जास्त कळते.

याच संदर्भात भाची गावाचाच दाखला देते. तळेगावचा जपानशी जुना संबंध पर्यटनाचा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे काचकाम शिकवायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे विद्या शिकण्यासाठी जपानला जाऊन आले होते. “आपल्या गावातून जपानकडे गेलेली पहिली नजर देवळं बघायची नव्हती, हुन्नर बघायची होती,” भाची सांगते. “क्योटोत निशिजिनच्या विणकरांच्या गल्लीत जा. कागदाची, पंख्यांची दुकानं बघा. निंतेंदो १८८९ मध्ये क्योटोतच पत्ते छापत सुरू झाली, शिमाझुची उपकरणं १८७५ पासून तिथलीच.”

शहरात फिरण्याच्या बाबतीत दोघांचे एकमत होते. क्योटोत वाट चुकणे अवघड आहे. रस्ते काटकोनात आहेत, आडवे मोठे रस्ते उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमांकाने जातात: सान्जो, शिजो, गोजो, म्हणजे तिसरा, चौथा, पाचवा. पत्ता सांगताना अमुक चौकातून ‘वर’ किंवा ‘खाली’ असे सांगतात. वर म्हणजे उत्तर. जमीनही उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते. मान वर केली आणि ज्या बाजूला डोंगर दिसला नाही ती दक्षिण. मामांना हे मनापासून आवडते, कारण शाळेत त्यांनी दिशा याच पद्धतीने शिकवल्या.

मात्र मान वर केल्यावर डोंगर दिसतो, हे आपोआप घडलेले नाही. क्योटो पाहण्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे.

१९६४ मध्ये रेल्वे स्थानकासमोर १३१ मीटर उंचीचा क्योटो टॉवर उभा राहिला तेव्हा गावात मोठा वाद झाला. नव्वदीच्या सुरुवातीला एका हॉटेलची नवी इमारत साठ मीटरांपर्यंत जाणार म्हटल्यावर काही देवळांनी त्या हॉटेलात उतरलेल्यांना प्रवेश बंद केल्याच्या पाट्या लावल्या. १९९७ मध्ये स्थानकाची प्रचंड इमारतही साठ मीटरांची झाली. या सगळ्या भांडणांतून २००७ चे नगरदृश्य धोरण आले. शहराच्या मध्यभागातली कमाल उंची ४५ मीटरांवरून ३१ मीटरांवर आणली, गच्चीवरचे आणि उघडझाप करणारे जाहिरात फलक बंद केले, आणि ठरावीक जागांवरून दिसणारे देखावे नावानिशी संरक्षित केले.

यातला एक देखावा शहराच्या उत्तरेला एन्त्सुजी या लहानशा देवळातला आहे. ओसरीवर बसले की समोर शेवाळ आणि काही बसके दगड, त्यापलीकडे कापून सरळ केलेले कुंपण, कुंपणामागे सुरूसारखे उंच, सरळ खोड असलेले वृक्ष, आणि खोडांच्या मधल्या फटीत दूरवरचा हिएई. डोंगर बागेबाहेर कित्येक किलोमीटरवर आहे, तरी बाग त्याच्यासकट रचलेली आहे. बाहेरचे दृश्य बागेत ओढून घेण्याची ही जपानी रीत जुनी आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा नमुना असलेल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेतही ती आहे. एन्त्सुजीच्या त्या फटीत एक गच्ची डोकावली असती तर बागेचा अर्थच गेला असता. ती डोकावू नये म्हणून मधल्या सगळ्या घरांवर कायद्याने मर्यादा घातली आहे.

दुसरा देखावा साऱ्या गावाचा. १६ ऑगस्टच्या रात्री आठ वाजता पूर्वेच्या डोंगरउतारावर ‘महान’ या अर्थाचे प्रचंड अक्षर आगीने पेटवले जाते, आणि पाठोपाठ शहराभोवतीच्या आणखी चार डोंगरांवर अक्षरे, होडी आणि देवळाच्या तोरणद्वाराची आकृती उजळते. वर्षातून एकदा घरी आलेल्या पितरांना हा निरोप असतो. कामोच्या काठावरून ते पहिले अक्षर दिसत राहावे, हेही या नियमांत लिहिलेले आहे.

मामांना इथे मावळ आठवतो. “आपल्याकडे डोंगरमाथा आणि डोंगरउतारावर बांधकामाला बंदी आहे. एकास पाचपेक्षा जास्त चढ असेल तर इमारत नाही. म्हणजे डोंगर वाचला. पण डोंगर दिसण्याचं काय? स्टेशनाच्या बाजूला उंच उंच सोसायट्या झाल्या. चौराईचा डोंगर आता गल्लीतून बघायला जागा शोधावी लागते. गो. नी. दांडेकर याच गावात राहिले. त्यांच्या काळी घराबाहेर पडलं की डोंगर समोर असायचा.”

“त्या सोसायटीत मी राहते, मामा,” भाची उत्तर देते. “नवव्या मजल्यावरून मला चौराई रोज दिसतो. माझ्यासारख्या नोकरदारांना चाकण, तळेगाव, हिंजवडीच्या मधे परवडणारं घर उंच इमारतीतच मिळतं. क्योटोत काय झालं ते बघा. उंची कमी केली, घरं कमी झाली, भाव चढले, आणि तरुण जोडपी शेजारच्या गावांत राहायला गेली. म्हणून २०२३ मध्ये स्थानकाच्या दक्षिणेकडे आणि आणखी काही भागांत त्यांनाच मर्यादा सैल कराव्या लागल्या. देखावा वाचवायचा खर्च कुणी तरी भरतं.”

“तुला नवव्या मजल्यावरून दिसतो. खालच्या रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या पोराला दिसत नाही. क्योटोनं तेच ठरवलं, की डोंगर रस्त्यावरच्या माणसाचा. आणि जिथे सैल केलं तिथे दक्षिण आहे, डोंगर नसलेली बाजू. बहुतेक ठिकाणी त्यांनी तारतम्य ठेवलंय.”

या उत्तरात मामांचे पारडे जड आहे. घरांची गरज खरी, पण सर्वत्र सारखी उंची किंवा सर्वत्र सारखी बंदी, एवढेच दोन पर्याय नसतात. कोणत्या चौकातून कोणता डोंगर दिसायला हवा याची यादी करणे हा तिसरा पर्याय आहे आणि क्योटोने तो वापरून दाखवला. मावळात अशी यादी करायची तर साहित्य भरपूर आहे: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, घोरावडेश्वर, भंडारा. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. क्योटो आणि परिसरातली सतरा ठिकाणे त्या यादीत १९९४ मध्येच गेली होती, आणि तेरा वर्षांनी त्या शहराने ठिकाणांच्या पलीकडचा देखावाही कायद्यात आणला.

पाण्याचा विषय निघाला की भूमिका बदलतात. नान्झेनजीच्या आवारात लाल विटांच्या कमानींचा एक जलसेतू आहे. कौलारू लाकडी देवळांमध्ये तो परका दिसतो. कमानींच्या बुंध्याला शेवाळ चढले आहे आणि माथ्यावरून पाटाचे पाणी अजूनही वाहते. मामांना नकाशावर तो खटकला. भाचीला क्योटोतली सर्वांत थोर गोष्ट तीच वाटते. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योटो ओसरू लागले. गव्हर्नर कितागाकी कुनिमिची यांनी डोंगरापलीकडच्या बिवा सरोवराचे पाणी बोगद्यांतून शहरात आणायचे ठरवले आणि ते काम तानाबे साकुरो या नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाकडे दिले. १८८५ मध्ये सुरुवात, १८९० मध्ये कालवा पूर्ण. सर्वांत लांब बोगदा २,४३६ मीटरांचा. १८९१ मध्ये केआगे येथे त्याच पाण्यावर वीज होऊ लागली आणि १८९५ मध्ये जपानची पहिली विजेची ट्राम क्योटोत धावली. गिनकाकुजीकडे जाणारी चेरीच्या झाडांखालची ‘तत्त्वज्ञाची वाट’ याच कालव्याच्या फाट्याकाठाने जाते.

“डोंगर अडवतो असं म्हणत बसले असते तर गाव मेलं असतं,” भाची म्हणते. “त्यांनी डोंगर भोकसून पाणी आणलं. आपल्याकडेही झालं की. लोणावळा, वळवण, शिरवटा. टाटांनी मावळचा पाऊस तलावांत अडवला आणि घाटाखाली खोपोलीला १९१५ पासून वीज केली.”

“झालं, पण वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना,” मामा म्हणतात. “आणि शेजारी मुळशीला धरण होताना शेतकऱ्यांची जमीन बुडाली, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. बिवाचं पाणी क्योटोच्या घराघरांत आलं. फरक तो आहे.”

तानाबेने या कामात मृत्यू पावलेल्या मजुरांचे स्मारक पुढे स्वखर्चाने केआगे येथे उभारले. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे वर आली, तेव्हा तो घाट खोदताना हजारो मजूर दगावले होते. तळेगावहून मुंबईला जाणारी प्रत्येक रेल्वेगाडी त्याच घाटातून जाते. बिवाच्या कालव्यातून २०१८ पासून वसंतात आणि शरदात प्रवासी होडी चालते. बोगद्यातून जाणारा हा प्रवास मामांनी आता आपल्या यादीत घातला आहे.

राहिला गर्दीचा प्रश्न. इथे भाची कठोर आहे. गियोनच्या गल्ल्यांत गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांचा जाच इतका झाला की २०२४ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. शिरल्यास दहा हजार येनचा दंड. शहरातल्या म्हाताऱ्यांना बसमध्ये जागा मिळेना, म्हणून दिवसभराचा स्वस्त बस पास बंद केला आणि २०२४ च्या जूनपासून पर्यटनस्थळांना जाणाऱ्या वेगळ्या जलद बस सुरू केल्या. “पाहुणा दुसऱ्या नंबरचा. आधी राहणारा. रविवारी मळवलीच्या माणसाला स्वतःच्या घरी जायला वाहनांच्या रांगेत उभं राहावं लागतं, त्याला विचारा.”

मावळात गर्दीची किंमत याहून मोठी मोजली गेली आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावपासून जवळच कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जण दगावले. दोन्ही वेळा नंतर बंदीचे आदेश निघाले.

मामांना नुसती बंदी मान्य नाही. त्यांच्या मते लोक एकाच जागी लोटतात, कारण त्यांना एकच जागा माहीत असते. फुशिमी इनारीच्या लाल कमानींत पायथ्याशी पाय ठेवायला जागा नसते, पण डोंगराच्या माथ्यापर्यंत, अवघ्या २३३ मीटरांपर्यंत, थोडेच लोक चढतात. शहराभोवतीच्या डोंगरांतून सुमारे ८० किलोमीटरांची आखलेली पायवाट आहे, जागोजागी क्रमांकाचे खांब आहेत, आणि तिच्यावर रविवारीही मोकळे चालता येते. “तशी एक वाट घोरावडेश्वरापासून चौराई, बेडसे, लोहगड करत राजमाचीपर्यंत खुणा लावून आखली, तर भुशीवरचा भार हलका होईल.” भाची यावर एवढेच म्हणते की वाट आखली तर ती वर्षभर झाडणारे, खुणा बदलणारे आणि पावसाळ्यात बंद करणारे हातही नेमावे लागतील. ही अट रास्त आहे.

प्रत्यक्ष प्रवासाचे तपशील थोडक्यात सांगता येतात. तोक्योहून शिंकान्सेनने क्योटो सव्वादोन तासांवर, कान्साई विमानतळावरून हारुका गाडीने सव्वा तासाच्या आसपास. चेरीचा बहर एप्रिलच्या सुरुवातीला, मेपलची लाली नोव्हेंबरच्या उत्तरार्धात; या दोन्ही वेळी गर्दी आणि खोल्यांचे भाव शिगेला असतात. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस. खोरे बंदिस्त असल्याने उन्हाळा घामाघूम करणारा आणि हिवाळा हाडे गारठवणारा. शाकाहारी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: भाजीच्या रश्श्यातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, म्हणून देवळांजवळ मिळणारे मठातले शाकाहारी जेवण शोधावे. नान्झेनजीच्या परिसरात गरम पाण्यात उकळलेला तोफू प्रसिद्ध आहे.

मामांनी ऑगस्ट ठरवला आहे, सोळा तारखेची आग पाहण्यासाठी. त्या दिवसांत पारा पस्तिशीच्या वर जातो आणि गिनकाकुजीमागून दाईमोन्जीचा डोंगर चढायचा तर सूर्य वर येण्याआधी निघावे लागेल, असे भाचीने बजावले आहे. त्या डोंगरावर, जिथे अक्षर पेटते त्या चुलाणांपाशी पाऊण तासात पोचता येते आणि सारे खोरे एका नजरेत येते: चौकटीचे रस्ते, सम्राटांच्या वाड्याची हिरवळ, कामोचे पात्र, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेच्या मोकळ्या बाजूला ओसाकाच्या इमारती. भाचीच्या मते ही चढण दुसऱ्या दिवशी करावी आणि पहिला दिवस निशिजिनच्या गल्ल्यांना द्यावा. मामांच्या मते नेमके उलट.